आठातल्या चार तारा

वाचनालयाच्या अंकासाठी गावातल्या एखाद्या माणसावर लिहा, असं मला सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. 'लाइन दुरुस्त केली' यापलीकडे रजिस्टरात कधी काही लिहिलं नाही. आता लिहितोय ते अंकात घेण्यासारखं आहे का, कळत नाही. पण फेब्रुवारीत जे पाहिलं त्याची शिसारी अजून गेलेली नाही. तोंडानं बोलायचं धाडस माझ्यात तेव्हाही नव्हतं, आताही नाही, म्हणून कागदावर उतरवतो.

माणूस म्हणजे आमच्या गल्लीतला सिकंदर मुजावर, फोटो स्टुडिओवाला. वय बावन्न. कॅमेऱ्याच्या ओझ्यानं उजवा खांदा जरा उतरलेला. कृष्णाकाठच्या आमच्या गावात आणि आसपासच्या आठ-दहा गावांत तीस वर्षं तो लग्नांत उभा आहे. उभा म्हणजे खरोखर उभा. पंगतीला बसलेला मी त्याला पाहिला नाही. वरात निघाली, आचारी भांडी आवरायला लागले, की एका बाजूला उभ्यानं भात खातो. ज्यांच्या लग्नाचं शूटिंग तो करतो ते त्याला "ए शूटिंगवाला" अशी हाक मारतात. पुढारी आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले की एकेकाचा चेहरा यायलाच पाहिजे, नवरीचा राहिला तरी कुणी विचारत नाही. उन्हात पाऊण-पाऊण तास भाषणं, नवरा-नवरी ताटकळलेली, आणि माईकवर नावांची यादी. मला आता लग्नांचाच वीट आलाय. सिकंदरला आला नाही. नवरीची आई कुठल्या कोपऱ्यात उभी आहे ते तो आधी हेरून ठेवतो, कारण तिला स्टेजवर कोणी बोलवत नाही. तिचे चार फोटो तो न सांगता काढतो.

२०१९ च्या पुरात त्याच्या दुकानात माणूसभर पाणी होतं. अकरा वर्षांची लग्नं ज्या डिस्कांवर होती त्या सगळ्या गाळात गेल्या. पाणी उतरल्यावर त्यानं त्या धुऊन फळीवर ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. त्यातून काही निघणार नाही हे त्यालाही माहीत असणार. त्या दिवसांत लोक दुकानात येत, पण त्याचं काय गेलं हे विचारायला नव्हे, तर "आमचं लग्न बुडवलंस" म्हणून भांडायला. त्यातल्या निम्म्यांनी आपली सीडी कधी नेलीसुद्धा नव्हती. चिखलाचा वास आणि ही माणसं, दोन्ही एकदमच आठवतात.

त्यानंतर सिकंदरनं जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीत चार डिस्का बसवून घरचा सर्व्हर तयार केला आणि माडीवरच्या खोलीत कट्ट्यावर ठेवला. काम करायचा मोठा कॉम्प्युटर खाली दुकानात, कारण गिऱ्हाईक तिथं येऊन फोटो निवडतं. दोन्हींच्या मध्ये भिंतीवरून गेलेली एक वायर. आणि त्यानं एक नियम केला. दिवसाचं काम सकाळी वरून खाली उतरवायचं आणि दुकान बंद करायच्या आधी सगळं परत वर चढवायचं. रात्री खाली एकही फोटो ठेवायचा नाही. उन्हाळ्यात नदीत गुडघाभर पाणी नसतं तेव्हाही हा नियम चालू असतो. आमच्या काठावरच्या माणसालाच तो समजेल.

अडचण होती वेगाची. कॅमेरे नवे आले, फाइली मोठ्या झाल्या, आणि एका दिवसाचं काम खाली यायला अडीच तास, वर जायला अडीच तास लागायला लागले. सिकंदरची मुलगी फिरदोस तेवीस वर्षांची. सगळं एडिटिंग तीच करते. पडद्यावर फाइली उतरल्याची पट्टी सरकत असताना तिच्या हाताला काम नसे. सांगलीच्या एका दुकानदारानं सिकंदरला आधी वायरी जोडणारा मधला डबा बदलायला लावला, मग राउटर, मग सर्व्हरच्या डिस्का. प्रत्येक वेळी "आता बघा कसं पळतंय." पळालं काहीच नाही. तो माणूस एकदाही घरी येऊन बघून गेला नाही. आता पुढचा डबा घ्या म्हणून फोनवरच सांगत होता. असल्या माणसाशी सिकंदर शेवटपर्यंत 'साहेब' म्हणून बोलत असे, त्याचाही मला राग यायचा.

फेब्रुवारीत कराडच्या एका मोठ्या स्टुडिओनं फिरदोसला परीक्षा म्हणून एका लग्नाचं शूटिंग एडिटिंगला पाठवलं. आठ दिवसांत तयार करून द्यायचं. पसंत पडलं तर वर्षभराचं काम घरबसल्या. वेळेत नाही झालं तर ते म्हणणार, कराडला येऊन बसा. रोज कराडला जायला तिची आई मेहरुनबी तयार नव्हती. मिरजेचं एक स्थळ तिनं मनात धरलं होतं. ते लोक पोरीनं दुकानात बसणं चालवून घेणारे नव्हते. म्हणजे आठ दिवसांत ते शूटिंग तयार झालं तर फिरदोसचं काम टिकणार, नाहीतर कॉम्प्युटर सुटणार, इतकं ते सरळ होतं. आणि रोजचे पाच तास नुसती पट्टी बघण्यात जात होते.

तीन दिवस गेल्यावर सिकंदर माझ्याकडे आला. मी म्हटलं, मला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही. तो म्हणाला, "वायरीतलं तर कळतंय न्हवं, नाना?"

मी गेलो. फिरदोसनं मला पडद्यावरचा आकडा दाखवला. सेकंदाला अकरा एमबी. डबा बदलला तरी अकरा, डिस्का बदलल्या तरी अकरा. लाइनमनला एवढं समजतं की सगळं बदलून आकडा हलत नसेल तर खोट मधे कुठंतरी आहे. मी राउटरच्या मागं हात घातला. भिंतीतून एकच राखाडी केबल येत होती, पण तिच्या टोकाला क्लिपा, म्हणजे राउटरमध्ये खोचायचे प्लॅस्टिकचे खटके, दोन होत्या. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळात. कुणीतरी चार एका क्लिपेत आणि चार दुसरीत घातल्या होत्या. एका वायरीच्या दोन लाइनी केल्या होत्या.

"चारवर चालत नाही का?" मी विचारलं, कारण मला खरंच माहीत नव्हतं.

फिरदोसनं मोबाइलवर शोधलं. थोडा वेळ ती नुसती वाचत राहिली. "चालतंय, नाना," ती म्हणाली. "पण दहा पट हळू चालतंय. आठ लागतात."

'चालतंय की' हे शब्द मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलेत की आता ऐकवत नाहीत. जॉइंट उघडा आहे, चालतंय की. खांब कलला आहे, चालतंय की. हे काम त्याच जातीचं होतं.

उरलेल्या चार कुठं जातात ते बघायला मी बोळात गेलो. केबल भिंतीवरून वर चढली होती, आणि शेजारच्या गॅलरीच्या उंचीवर चिरलेली होती. मोटारीच्या वायरीला शेतात मारतात तसा पीळ देऊन जोड मारलेला, वर काळी टेप. टेप सुटून लोंबत होती. तिच्यावर कबुतरांची घाण, आणि वरच्या गॅलरीतून कुणीतरी वर्षानुवर्षं थुंकलेल्या माव्याचे ओघळ. मी शिडीवर चढून त्याला हात लावला आणि हात लुंगीला पुसला. चार तारा माडीकडे जात होत्या. दुसऱ्या चार बोळ ओलांडून त्या गॅलरीत. तिथं एक पांढरा कॅमेरा होता. चारी तारा त्या कॅमेऱ्याच्या बुडाशी गेल्या होत्या.

गॅलरी आप्पासोंची. त्यांचं आडनाव मी देत नाही. दिलं नाही म्हणून गावात कुणाला कळणार नाही असंही नाही.

सिकंदरला खाली येऊन सांगितलं तेव्हा त्याला ती दुसरी लाइन आठवली. लॉकडाऊनमध्ये आप्पासोंची साक्षी दहावीला होती. तिच्या घरी तेव्हा नेट नव्हतं, पोरगी मोबाइल घेऊन ह्याच्या पायरीवर येऊन बसायची. सिकंदरनं नेटवाल्याला बोलावून तिच्या घरात लाइन द्यायला सांगितलं. नेटवाल्यानं नवी वायर कशाला म्हणून हीच चिरली. साक्षी पास झाली, पुण्याला इंजिनियरिंगला गेली. आप्पासोंनी मग स्वतःचं नेट घेतलं. ही लाइन बंद पडली असेल, असं सिकंदर धरून चालला होता.

कॅमेरा गेल्या वर्षी आला. शेजारच्या तालुक्यात कुणाच्या तरी मोबाइलवरच्या चित्रावरून दगडफेक झाली होती. आमच्या गावात पानही हललं नाही. पण त्याच आठवड्यात आप्पासोंनी कॅमेरा बसवला, गल्लीच्या सुरक्षेसाठी. गल्लीत सात दारं आहेत. कॅमेऱ्याचं तोंड सिकंदरच्या दाराकडे आहे. बसवणाऱ्याला गॅलरीत तयार वायर दिसली, त्यानं ती लावली.

सिकंदर स्टुलावर बसला. "म्हंजे आमच्याच वायरीवरनं, आमच्याच नेटवरनं, आमचंच दार त्यांच्या मोबाइलात जातंय," तो म्हणाला. हे त्यानं इतक्या सावकाश म्हटलं की मला वाटलं आता उठेल. उठला नाही.

मी पक्कड काढली होती. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, नाना. चालू असला तर त्यांला दिसतंय की आमी काय करत न्हाई. बंद पडला की काय दिसंल ते त्यांच्या मनावर. आपण नवी वायर टाकू."

मी पक्कड परत ठेवली. घरी आल्यावरही तेच डोक्यात होतं. आपण कसल्या गल्लीत राहतो, आणि माणसाला आपल्याच दारात निर्दोष दिसत राहण्यासाठी आपली वायर द्यावी लागते, हे मला कधी सुचलंही नव्हतं. मी त्या कॅमेऱ्याखालून वर्षभर येत-जात होतो. मला वाटलं होतं, बरं झालं, चोऱ्या थांबतील.

बुधवारी तालुक्याच्या बाजारातून नवी केबल आणली. वेष्टणावर 'शुद्ध तांबे' छापलेलं. गल्लीत उघडणाऱ्या जिन्याच्या कडेनं ती माडीवर नेली, क्लिपा मारल्या. आकडा आला अकरा. परत क्लिपा मारल्या, तर एक तार बोटातच तुटली. ब्लेडनं खरवडून पाहिलं. वरून तांब्याचा रंग, आत पांढरं ॲल्युमिनियम. रंग देऊन विकलेली वायर. एकतीस वर्षं मी तांब्यात काम केलं. ती तार हातात धरून मला चोराचा हात धरल्यासारखं वाटत होतं. दुकानदाराकडे परत गेलो तर तो हसून म्हणाला, "सगळे हेच न्हेतात की, नाना." चांगली केबल सांगलीहून मागवायची तर शनिवार उजाडणार होता. लग्न रविवारी द्यायचं होतं. भिंतीवरची जुनी केबल मात्र अस्सल तांब्याची होती. तिच्यातल्या चार तारा परत मिळाल्या की काम होत होतं.

सिकंदर मागायला जाईना. मग गुरुवारी सकाळी मीच गेलो. कशाला कबूल केलं असं जिना चढताना वाटत होतं.

आप्पासो चहा पीत होते. साखर कारखान्यात मोठ्या जागेवर होते, माणूस तोंडानं गोड. मी तारांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आवं नाना, त्यांचं चालतंय की. कशाला छेडायचं?" मी गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा लोक नेहमी होकार धरतात. त्यांनी मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. कॅमेरा किती चांगला आहे हे त्यांना दाखवायचं होतं. कोण कधी आलं, कुणाची गाडी थांबली, सिकंदरकडं पाहुणे किती वाजता आले, सगळं ते बोटानं मागं-पुढं करून दाखवत होते. मग एका सकाळचं चित्र त्यांनी मोठं केलं. फिरदोस पायरी झाडत होती, वाकलेली, ओढणी खांद्यावरून सुटलेली. आप्पासोंनी ते थांबवलं आणि मोठं केलं, आणि हसले.

"मोप दिसत हुती तवा," ते म्हणाले. "आता मागच्या शिडीनं उतरतीया. हुशार झालीया."

माझ्या हातात त्यांनी दिलेला चहा होता. तो मी प्यालो. हे लिहिताना लाज वाटते, पण तो मी पूर्ण प्यालो, आणि "येतो" म्हणून खाली आलो. बोळातल्या गटारापाशी गेल्यावर तो सगळा उलटून पडला.

फिरदोस पुढचा जिना सोडून मागच्या लोखंडी शिडीनं उतरते, गटार ओलांडून दुकानात शिरते, हे मीही बघितलं होतं. घाणीतून का येते पोर, एवढंच मनात आलं होतं. सिकंदरलाही वाटायचं, तिकडून जवळ पडतं म्हणून.

दुकानात जाऊन मी सिकंदरला सांगितलं. चांगलं सांगता आलं नाही. शब्द सापडत नव्हते आणि फिरदोस समोरच बसली होती. शेवटी एवढंच म्हणालो की त्या मोबाइलात फिरदोसचं चित्र आहे, आणि आप्पासो ते मोठं करून बघतात.

सिकंदरनं मुलीकडं पाहिलं. तिनं पडद्यावरून नजर काढली नाही.

"सहा म्हैने झाले, अब्बा," ती म्हणाली. "त्यांच्या गॅलरीतनं हसायचं ऐकू येतंय. तुमाला सांगून काय झालं असतं? तुमी म्हणला असता, ऱ्हाऊ दे."

खरं होतं ते. सिकंदरनं टेबलावरचे फोटो सारखे केले, कडा जुळवल्या, परत विस्कटल्या. मग उठला, राउटरमागची दुसरी क्लिप ओढून काढली, आणि मला म्हणाला, "शिडी आणा."

मी धरतो म्हटलं, तो वर चढला. माव्याच्या आणि कबुतरांच्या त्या घाणीत त्यानं स्वतः हात घातला. जोड कापला, बोळावरून गेलेली तार ओढली तशी ती आप्पासोंच्या कॅमेऱ्यापासून सुटून खाली आली. ती त्यानं कोपर आणि पंजा यांच्यामध्ये गुंडाळली, आम्ही खात्यात गुंडाळायचो तशी व्यवस्थित. हात धुतले. आणि गुंडाळी घेऊन तो आप्पासोंच्या दारात गेला. मी मागं चार पावलांवर होतो.

आप्पासो मोबाइल हलवतच बाहेर आले. "सिकंदर, कॅमेरा बंद पडला बग."

"पडला न्हाई, मी काढला," सिकंदर म्हणाला. त्यानं गुंडाळी दोन्ही हातांनी पुढं केली. "साक्षीच्या अभ्यासाला दिली हुती वायर. अभ्यास झाला. तुमच्या घरातली तुमाला."

"आणि काय झालं तर? गल्लीचा विचार हाय का न्हाई?"

"कॅमेरा तुमचा हाय. तुमच्या वायरीवर लावा. कुणाकडं तोंड करायचं ते बी तुमीच बगा. माझ्या पोरीला मोठं करून बगू नका."

शेवटचं वाक्य तो आवाज न चढवता बोलला, पण गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या होत्या. आप्पासोंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, सिकंदर, तू असं मनात आणशील असं वाटलं नव्हतं, आम्ही तिला साक्षीसारखीच मानतो. हे ते ज्या तोंडानं म्हणाले तेच तोंड मी सकाळी हसताना बघितलं होतं. गुंडाळी त्यांनी घेतली नाही. सिकंदरनं ती पायरीवर ठेवली आणि आला.

मी आठही तारा नीट जोडल्या. नुसता पीळ मारायचा नव्हता, म्हणून खराब तुकडा कापून दोन टोकांना क्लिपा मारल्या, मधे छोटी डबी बसवली, वर पाणी न शिरणारं झाकण; खाली राउटरपाशी दोन क्लिपांची एक केली. दोनदा क्रम चुकला. फिरदोस रंग वाचून सांगत होती. तिनं फाइल टाकली. आकडा एकशे बारा आला. खाली यायला अडीच तास लागायचे ते काम सोळा मिनिटांत आलं. पट्टी संपल्याचा आवाज झाला तेव्हा तिघंही पडद्याकडंच बघत बसलो, कारण पुढं काय करायचं हे एवढ्या लवकर ठरवायची कुणाला सवय नव्हती.

लग्न तिनं शनिवारी संध्याकाळी पुरं केलं, एक दिवस आधी. कराडवाल्यांनी दोन बारीक चुका काढल्या आणि पुढची चार लग्नं पाठवली. मेहरुनबीनं मिरजेच्या लोकांना सवड नाही असं कळवलं. ते तिनं कुणाच्या सांगण्यावरून केलं, मला माहीत नाही.

इथं थांबलो तर सगळं चांगलं झालं असं वाटेल. तसं झालेलं नाही. चार दिवसांनी आप्पासोंचा कॅमेरा परत सुरू झाला, त्यांच्या स्वतःच्या लाइनवर. तोंड आहे तिथंच आहे. गल्लीतल्या एकानंही त्यांना काही विचारलं नाही. मीही नाही. उलट दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सिकंदरनं जरा जास्तच केलं, मोठा माणूस आहे तो. त्या दोघांच्याही लग्नांचं शूटिंग सिकंदरच्या माडीवर पडून आहे. ऐकताना माझ्या तोंडाला तो चहाचा कडूपणा परत आला.

आप्पासोंच्या साक्षीचं लग्न ठरल्याची बातमी मागच्या आठवड्यात आली. मी स्टुडिओत बसलो होतो. सिकंदर तारखांची वही चाळत म्हणाला, "बोलावलं तर जायला लागंल, नाना. पायरीवर बसून शिकलेली पोरगी हाय."

मला राग आला. 

फिरदोस आतून म्हणाली, "शूटिंग तुमी करा, अब्बा. एडिटिंग दुसरीकडं द्या. माझ्याकडं कराडचं काम हाय." मग ती उठली, दुकानाचं पुढचं दार उघडलं, आणि केरसुणी घेऊन पायरीवर गेली.

सिकंदरनं वही मिटली नाही. साक्षीच्या लग्नाच्या तारखेवर त्यानं बोट ठेवलं होतं, ते तिथंच ठेवून तो दाराकडं बघत होता.